इव्होची बरोबरी

होबार्टला ग्रॅहम पास्कोच्या घरी मी त्याचा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम तपासायला जात असे. काम कंटाळवाणं. बरोबरीत सुटणाऱ्या शेवटच्या स्थिती कॉम्प्युटरला द्यायच्या. त्याने शून्य, म्हणजे दोन्ही बाजू समान, दाखवलं, की पुढची.

त्या सकाळी एक जुनी स्थिती मांडली. दोन्हीकडे राजा आणि उंट, उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर, पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त. शून्य. ग्रॅहम चहाचा मग घेऊन पडद्यासमोर, काळ्याच्या बाजूने बसला आणि आकडा हलला. काळा हरत होता.

"पट फिरव बरं."

मी पडद्यावर पांढरं त्याच्या बाजूला आणलं. आता पांढरा हरू लागला. तो उठला, पुन्हा शून्य.

"नेरिडा, ही कुठून आणलीस?"

"क्लबच्या जुन्या डावांतून. कुणी इव्हो बारिशिच. का?"

तो पडद्याकडेच बघत होता. "तो काळ्याकडून खेळत होता, डाव अर्धवट राहिला. पटावरची स्थिती बघून निकाल मी द्यायचा होता. बरोबरी दिली असती तर माझं अजिंक्यपद त्याला गेलं असतं. त्याला 'तू हरलास' म्हणून सांगितलं. तो 'बरोबरी, बरोबरी' ओरडत राहिला, आम्ही हसलो. त्याच हिवाळ्यात गेला बिचारा."

"त्याची बायको असेल ना अजून? सांगून टाका तिला."

"आता? मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता, तो थांबला. पडदा मात्र चालू राहिला.

ग्रॅहम हट्टाने कॉम्प्युटरविरुद्ध काळ्याकडून खेळायला बसला. ही स्थिती हरणं अवघडच. उंट मागेपुढे करत राहायचं. पहिली खेळी बरोबर पडली. मग त्याने माऊसवरून हात झटकन उचलला.

"हे मी खेळलो नाही."

त्याचा उंट आपणहून मार खायला जाऊन उभा होता.

पुन्हा मांडलं. पुन्हा तेच.

"नेरिडा, माझा हात धर."

मी धरला. हात बर्फासारखा गार होता. मी मागे ओढत होते, तोही ओढत होता.

हात पुढेच गेला.

पडद्यावर मात लागली. ग्रॅहम टेबलावर कोसळला.

तो वाचला. उजवी बाजू गेली, आणि शब्द एकच उरला. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हा त्याने डावा हात समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पुढे केला.

"बरोबरी?"

कान देऊन थांबला. मग हात हळूच मागे घेतला आणि रडू लागला.

"दिवसभर हेच चालतं," नर्स म्हणाली. "आणि तुम्हाला एक विचारायचं होतं. ती खुर्ची मी रोज भिंतीला लावून जाते. सकाळी पलंगासमोर कोण आणून ठेवतं?"