न भरलेल्या बिलाचा आवाज

भर दुपारी पंखा थांबला. तनयाने बटण दोनतीनदा दाबून पाहिलं. खिडकीतून समोरच्या घरातला पंखा गरगर फिरताना दिसत होता. म्हणजे लाइट फक्त आपलीच गेली होती.

"भावजी, काय झालं रे?"

भावजी म्हणजे मिरजेच्या या घरातला यंत्रमानव. उंची तनयाच्या खांद्याइतकी, चालण्यासाठी पायांऐवजी चाकं. नाव आजीने ठेवलेलं. दिवसभर मागेमागे फिरतो आणि चहा मागत नाही, असा दीर कुणाला मिळतो, असं ती म्हणायची. भावजीही तिला वहिनी म्हणायचा. दिवाळीनंतर आजी गेली. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत तनया आजच आजोबांकडे राहायला आली होती.

"वीज कंपनीने दुरूनच आपला मीटर बंद केला," भावजी म्हणाला. तो बॅटरीवर चालायचा, त्यामुळे त्याला काही फरक पडला नव्हता. "बिल भरलेलं नाही."

"आजोबांकडे पैसे नाहीत?"

"आहेत. पेन्शन वेळेवर येते."

"मग विसरले असतील."

"तेही नाही. बिल भरेपर्यंत मी रोज सकाळी आठवण करतो."

पैसे आहेत, आठवण आहे, तरी बिल भरलेलं नाही. तनयाला याचा अर्थ लागेना. आजोबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते. काही विचारलं की म्हणायचे, "गेलीय, येईल."

तेवढ्यात पुण्याहून बाबांचा फोन आला.

"अण्णा, परत तेच? दर महिन्याला शेवटी मलाच इथून बिल भरावं लागतं. या वेळी कामात राहून गेलं. आता भरलंय. पण मी रविवारी येतोय, येताना बिलं आपणहून भरणारा नवीन यंत्रमानव आणतो. तो जुना भावजी काढून टाकू."

"भावजीला हात लावायचा नाही, अजित!" आजोबा ओरडले आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

थोड्या वेळाने पंखा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनयाला जाग आली ती आजीच्या आवाजाने.

"अहो, ऐकलंत का? गॅसचं बिल भरायचंय. नंतर नंतर करू नका."

ती धावत स्वयंपाकघरात गेली. आवाज भावजीच्या छातीवरच्या जाळीतून येत होता. समोर स्टुलावर आजोबा बसले होते. हातात चहाचा कप होता, पण चहा तसाच होता.

"हो, भरतो," ते हळूच म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

तनया त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "आजोबा, बिल भरलं तर उद्या आजी बोलणार नाही. म्हणून तुम्ही भरत नाही?"

आजोबांनी कप खाली ठेवला. "लाइटचं तुझ्या बाबाने भरून टाकलं. आता त्याचं ती पुढच्या महिन्यापर्यंत बोलणार नाही. गॅसचं तेवढं राहिलंय."

भावजी पुढे सरकला. "अण्णा, एक सांगू का? आठवण करणं आणि पैसे भरणं ही दोन वेगळी कामं आहेत. वहिनींनी आपल्या आवाजातली आठवण रेकॉर्ड केली तेव्हा ती एकमेकांना जोडली, बिल भरलं की आठवण बंद. आपण ती सोडवू शकतो."

"म्हणजे कसं?" तनयाने विचारलं.

"आता लाइटचं बिल एका तारखेला, गॅसचं दुसऱ्या, इंटरनेटचं तिसऱ्या. महिनाभर माणूस त्यातच अडकतो. कंपन्यांना विनंती करून आपण सगळ्यांची पाच तारीख मागू. पेन्शन त्याआधी जमा होते. मग बँकेला स्थायी सूचना (एकदाच दिलेली परवानगी, जिच्यावरून बँक दर महिन्याला आपणहून बिल भरते) द्यायची. लोक तिला ऑटो-पे म्हणतात."

"नको रे बाबा," आजोबा म्हणाले. "म्हणजे माझ्या खिशात कायम कुणाचा तरी हात."

"त्या हाताला तुम्हीच सांगायचं, किती घ्यायचं ते. प्रत्येक बिलाला कमाल मर्यादा (ज्याच्यापुढे बँक तुम्हाला विचारल्याशिवाय पैसे देत नाही ती रक्कम) घालता येते. आणि परवानगी कधीही काढून घेता येते."

"पण बिल एकदम दुप्पट आलं तर?" तनया म्हणाली.

"तर ते मर्यादेला अडेल आणि मी अण्णांना सांगेन. मग आपण कारण शोधायचं. कदाचित गॅसचा पाइप गळत असेल. पैसे आपोआप गेले तरी बिल वाचायचं काम माणसाचंच. आदल्या दिवशी आकडे मी मोठ्याने वाचून दाखवीन."

"आणि आजीचा आवाज? तो पुसला तर जाणार नाही?"

"मुळीच नाही. त्याची एक प्रत तुझ्या फोनमध्ये ठेवू, एक बाबांच्या. मग अण्णा म्हणतील तेव्हा ऐकवता येईल."

आजोबांनी मान हलवली. "तसं नको. ती उगीच हाक मारणारी बाई नव्हती. काम असलं तरच बोलायची. काम नसताना लावलं, तर ते नुसतं यंत्र वाजल्यासारखं होईल."

शेगडीवरचं दूध वर आलं, तेव्हा आजोबांनी उठून गॅस बंद केला आणि ते शेगडीकडे बघत उभे राहिले.

"ती असती तर रागावली असती," ते म्हणाले. "पोरगी सुट्टीला आली आणि मी तिला उकाड्यात बसवलं. आण रे, कुठे अंगठा लावायचा?"

भावजीने छातीवरचा पडदा उजळला. आजोबांनी त्यावर अंगठा ठेवला. गॅसचं बिल भरल्याची पावती आली. उद्या सकाळी घर शांत असणार, हे तिघांनाही माहीत होतं.

आणि जाळीतून आवाज आला.

"भरलंत? बघा, जमतंय की तुम्हाला! आता चहा प्या, गार होतोय."

आजोबांनी भिंतीला हात टेकला. "हे... हे कुठून आलं?"

"वहिनी दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्यांनी हे रेकॉर्ड करून ठेवलंय," भावजी म्हणाला. "या घरातून बिल भरलं की ऐकवायचं, आधी सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं. त्या गेल्यापासून या घरातून एकही बिल भरलं गेलं नव्हतं."

आजोबा स्टुलावर बसले. त्यांनी कप उचलला आणि चहा संपवला. खरोखरच गार झाला होता.

"लाइटच्या बिलाला पण आहे?"

"प्रत्येक बिलाला वेगळं वाक्य आहे. लाइटच्या वेळी त्या म्हणतात..."

"थांब! सांगू नकोस. पाच तारखेला ऐकेन." मग ते तनयाकडे वळले. "चल, त्या तारखा बदलून घेऊ. मर्यादा किती ठेवायची ते तू काढ, मागची बिलं बघून. आणि बाबाला फोन लाव. म्हणावं, रविवारी ये. यंत्र आणू नकोस, आंबे आण."