जिभेला न कळलेली साल

दोन वाट्यांत पूड होती. दोन्हींचा रंग तोच, लालसर तपकिरी.

"यातली अर्जुनाची साल कुठली, सांग पाहू?" शरयूआजींनी विचारलं.

ऋजुताने चिमूट उचलून तोंडाकडे नेली, तोच ठिपक्या नावाचा यंत्रमानव किंचाळला, "प्रयोगशाळेत चाखायचं नाही!"

"ओरडतोस काय? आमच्याकडे असंच ओळखतात. तुरट लागली की अर्जुन!"

शरयूआजींनी वाटी बाजूला सरकवली. हे वाक्य त्यांच्या थोरल्या बहिणीचं, ऋजुताच्या आजीचं. ताराताई सालीच्या काढ्यावर विसंबली, रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आणि एके दिवशी पक्षाघाताने (मेंदूचा रक्तपुरवठा अचानक बिघडल्याने) गेली. "पूड दे, तपासते," असं शरयूआजी किती वेळा म्हणाल्या होत्या! ताई हसायची. "माझी जीभ खोटं बोलते होय गं?"

आता ताईच्या मुलाने, दिगंबरनेही त्याच काढ्यावर भिस्त ठेवून गोळ्या सोडल्या होत्या. लेकीच्या, ऋजुताच्या, हट्टाखातर तो इथे आला होता आणि घड्याळाकडे बघत बसला होता.

ठिपक्याने पांढरा लेप दिलेल्या काचेवर खालच्या कडेशी दोन थेंब ठेवले. एक खात्रीच्या अर्जुनाच्या अर्काचा, दुसरा दिगंबरच्या डब्यातल्या पुडीचा. मग काचेची कड द्रवात बुडवली. द्रव हळूहळू वर चढू लागला.

"घाट चढताना तुमच्या शाळेतली सगळी मुलं एकत्र पोचतात का?" आजींनी ऋजुताला विचारलं.

"छे! ओंक्या प्रत्येक करवंदाच्या जाळीशी थांबतो."

"तसंच हे. सालीतले काही घटक लेपाला चिकटून मागे राहतात, काही सरसर वर जातात. प्रत्येक झाडाची चढण निराळी."

ठिपक्याने जांभळा दिवा लावला. काचेवर पट्टे उमटले. दोन्हीकडचे जुळेनात.

"ही ऐनाची, अर्जुनाच्या जातभाई झाडाची साल," ठिपक्या म्हणाला. "माझ्याकडच्या ऐनाच्या नमुन्याशी तंतोतंत जुळते."

"पण तुरट होती!" दिगंबर उठलाच.

"दोन्ही तुरटच, दिगू. आणि अर्जुन असता तरी डॉक्टरांना न विचारता गोळी सोडायची नव्हती." आजींनी पडद्यावर त्याच्या जनुकांचा (शरीर घडवणाऱ्या, आईवडिलांकडून आलेल्या सूचनांचा) आधीच केलेला तपास दाखवला. "इथे अनेक बारीक फरक आहेत. एकेकटा किरकोळ, पण सगळे मिळून धोका वाढवतात. होडीत आधीच भरलेल्या नारळांसारखे. ते उतरवता येत नाहीत."

"म्हणजे बाबांची होडी बुडणार?" ऋजुताने बाबांकडे पाहिलं.

"नाही गं. वाढलेला रक्तदाब म्हणजे होडीत शिरणारं पाणी. ते उपसता येतं. गोळी तेच करते."

"मग माझी आजी गोळ्यांनी वाचली असती?"

शरयूआजींनी जांभळा दिवा विझवला. "ते कुणालाच सांगता येणार नाही, बाळ. पण तिला उपसायची संधी होती. ती हातची गेली."

"माझीही जनुकं तपास ना!"

"मोठी झालीस की तू ठरव. तोवर भरपूर धाव."

दिगंबरने बाही वर सारली. "ठिपक्या, रक्तदाब मोज. आणि मावशी, डॉक्टरांना फोन लाव. आत्ताच."

ठिपक्याने दंडाला पट्टा गुंडाळला. आजींनी भाच्याचा दुसरा हात हातात घेतला. लांब, टोकाशी किंचित वाकलेली बोटं, अगदी ताईची. आणि ही अजून उबदार होती.