चौथा भिडू

फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बाथ शहरात येणारे पाहुणे थोडेच. ते रोमन स्नानगृह बघतात, चहा पितात आणि गाडी पकडतात. टेकडीवरच्या, आता संग्रहालय झालेल्या जुन्या घरापर्यंत थंडीत कोण धडपडत जाणार?

त्या घरातल्या पत्ते खेळायच्या खोलीची एनिड पेनफोल्ड हौसेने राखण करायची. सकाळी आली की टेबलाभोवतीच्या चारही नाजूक खुर्च्यांवर ती पाइनच्या झाडाचं एकेक वाळकं, खवलेदार बोंड ठेवी. 'बसू नका' अशी पाटी लावली की लोक मुद्दाम बसतात. बोंड दिसलं की बसत नाहीत. मग पाच वाजेपर्यंत ती कोपऱ्यातल्या स्टुलावर. घरी तरी कोण होतं? नवरा, सिरिल, होता तोवर दर गुरुवारी व्हिटकोम नवराबायकोबरोबर चौघांचा डाव रंगायचा. चार वर्षांपूर्वी सिरिल गेला आणि व्हिटकोमांनी दुसरी जोडी शोधली. तिला साधं कळवलंही नाही. ते तिला फार लागलं होतं.

एका सोमवारी एक बोंड जमिनीवर सापडलं. खुर्ची जरा मागे सरकलेली.

"कुणीतरी बसून गेलं," तिकीटखिडकीवरचा गॅरेथ म्हणाला. "डुलकी लागली ना, एनिडबाई? खरं सांगा!"

"डुलक्या तू काढतोस. वर आज चिटपाखरू फिरकलं नाही."

बोंड ओलं होतं, कोमट होतं. ओलाव्याने त्याच्या पाकळ्या गच्च मिटल्या होत्या. आणि वास... गावातल्या गरम झऱ्याचा, गंजल्या लोखंडासारखा. एके काळी त्या पाण्यात बसायला देशभरातले रोगी यायचे. बरे न होता कायमचे इथेच राहिलेलेही पुष्कळ होते.

पुढच्या सोमवारी दोन बोंडं खाली होती. त्याच्या पुढच्या सोमवारी तीन. एनिड घाबरली होती, नाही कसं? पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. चौथ्यावाचून खोळंबलेल्या त्या तिघांची तिला कीव येत होती.

त्या दिवशी चार वाजताच खोलीत अंधारून आलं. टेबलापाशी पत्ते पिसल्याचा आवाज झाला, अगदी हलका. मग चौथी खुर्ची तिच्याकडे वळली, हळूच... कुणी आदराने पुढे करावी तशी.

"आज नको..." एनिड पुटपुटली. "मला... घरी जायचंय."

आवाज थांबला. ती कोट अंगावर ओढून, कुणाशी न बोलता, टेकडी उतरली.

घराचं कुलूप तिने स्वतः उघडलं. दिवा लावला. खिडकीजवळच्या तिच्या रोजच्या खुर्चीवर पाइनचं बोंड होतं. गच्च मिटलेलं. हात लावला तर अजून कोमट.

इथे बसायचं नाही. त्या बोंडाचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता.

तेवढ्यात फोन वाजला.

"एनिडबाई, आज न सांगताच गेलात?" गॅरेथ कुरकुरत होता. "मी कुलूप लावायला वर आलो, तर तुमच्या खोलीत तिघंजण बसलेत. तिकीट कुणी दिलं देव जाणे, मी नाही दिलं. कपडे निथळताहेत हो त्यांचे. म्हटलं, बंद झालं, निघा. तर म्हणतात, आमची चौथी यायचीय, आम्ही थांबतो... तुमच्या ओळखीचे आहेत का?"

एनिडने खुर्चीवरच्या बोंडाकडे पाहिलं. तिच्यासाठी कुणी थांबून राहिल्याला चार वर्षं झाली होती.

"हो," ती म्हणाली. "त्यांना सांग, निघालेच."

कोट तिने अजून काढलाच नव्हता.