दसऱ्याचं ताट

तंजावूरच्या अय्यन कडै रस्त्यावरच्या एका गलाईच्या दुकानात हरिता शिरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि दुकानातला तरुण फोनवर बोलत होता. समोर भट्टी, भट्टीत मूस आणि मुशीत कुणाच्या तरी जुन्या बांगड्या वितळत होत्या. त्याने हातानेच तिला थांबायची खूण केली आणि बोलत राहिला, अस्सल माणदेशी मराठीत.

"न्हाई रं, गिऱ्हाईक न्हाई. एक पोरगी आलीया. हातात कागदं हायती, इन्कम टॅक्सची असंल न्हायतर बँकेची. न्हाई, भ्यायचं कारण न्हाई… दिसायला लई भारी हाय. डोळं तर असलं हायती, की…" त्याने हळूच हरिताकडे पाहिलं. ती मख्ख उभी होती. त्याला आणखी धीर आला. "की तिनं नुसतं बघितलं तरी मी सगळी बिलं काढून दावीन."

गावोगाव गलाईची दुकानं टाकणाऱ्या या मंडळींची ही जुनी खोड. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, तमिळ गिऱ्हाइकाशी तमिळ बोलायचं आणि त्याच्यासमोरच मराठीत त्याच्याविषयी वाट्टेल ते बोलायचं. इथे कुणाला कळतंय, हा भरवसा. मदुरैत खपतं, सेलमला खपतं. तंजावूर मात्र त्यासाठी फार वाईट गाव.

हरिताने त्याचा फोन संपू दिला. मग स्टूल पुढे ओढून बसली आणि शांतपणे म्हणाली, "डोळे मागाहून पाहा. आधीं मी पुसतें त्याचें सांगा."

त्या तरुणाच्या हातातला चिमटा जागच्या जागी थांबला. त्याचं नाव नितीन. कानापर्यंत लाल झालेला नितीन.

"तुम्ही… मराठी?"

"तीनशें वर्षें जालीं."

"मग आधी बोलायचं की हो."

"तुम्हीं बोलत होतां न. मध्यें कसें बोलणार?"

हरिता कॉलेजात समाजशास्त्राचा अभ्यास करत होती. तिच्या अलमेलु मॅडमनी तिला विषय दिला होता: बाहेरून येऊन तंजावुरात राहिलेल्या दोन समाजांची सामाजिक आणि आर्थिक परिस्थिती, तुलना करून. एक समाज तिने सहज निवडला, तो तिचा स्वतःचाच. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतले, मराठा राजांच्या काळापासून इथे असलेले. दुसरा समाज शोधताना तिला सोनारांच्या रस्त्यावर सांगलीकडचे हे गलाईवाले सापडले. दोघंही मराठी बोलणारे, दोघंही बाहेरून आलेले, आणि एकमेकांच्या घरचं पाणीही न प्यायलेले. तिच्या वडिलांना, रघोजीरावांना, तो विषयच पसंत नव्हता. ते बांधकाम खात्यातून निवृत्त झाले होते आणि "आम्हीं राजांबरोबर आलों" हे वाक्य दिवसातून एकदा तरी म्हटल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. घोड्यावरून आलो, असंही ते म्हणत. घोडा स्वतःचा होता की सरकारी, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी हरिताने विचारलं, घर कुणाचं? नितीन म्हणाला, दुकान भाड्याचं, वरची खोली भाड्याची, गावाकडे दोन मजली बंगला बांधायला काढलाय, फरशी बसायची आहे.

"तेथें कोण राहतात?"

"आई. आणि खाली दोन म्हशी."

"मग एवढा बंगला कशाला?"

"गाव आहे ना आमचं." त्याला प्रश्नच कळला नाही. मग त्याने विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

"हेंच."

"हे राहायचं झालं. जत्रेला कुठं जाता? लग्नाला?"

हरिता विचारात पडली. तिच्या गल्लीतली माणसं कुठेच जात नसत. म्हणजे मुलं चेन्नईला जात, बेंगळुरूला जात, अमेरिकेला जात आणि तिकडेच राहत. पण परत जायला मागे एक गाव ठेवलेलं असावं, ही गोष्ट तिच्या घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती. तिच्या लोकांकडे बँकेत नोकऱ्या होत्या, शाळांत नोकऱ्या होत्या, पेन्शन होती, गावात मान होता, आणि छताला ओल होती. नितीनच्या लोकांकडे पैसा खेळता होता, पण गल्लीत त्यांना नावाने कुणी ओळखत नव्हतं. सगळ्यांचं नाव एकच, सेठ.

तिसऱ्या भेटीतच तिच्या अभ्यासाला पुरेल एवढी माहिती मिळाली होती. तरी ती जात राहिली. दरवेळी काहीतरी विचारायचं राहून गेलेलं असे.

"आज काय राहिलं?" नितीन विचारायचा.

"तुम्हीं सणाला गोड काय करतां, तें."

"हे मॅडमना पाहिजे?"

"मॅडमना सगळेंच होणें."

'पाहिजे'ला तिच्या घरी 'होणें' म्हणत. तो हसायचा. पहिल्या दिवशी सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या, म्हणजे आम्लाच्या, धुराने तिला ठसका लागला होता. तेव्हापासून ती यायच्या वेळेला तो तेजाबाचं काम काढतच नसे, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. लक्षात आलं त्या दिवशी ती प्रश्न विचारायचाच विसरली. शेजारचे सुब्रह्मण्य आचारी (इकडे सोनारालाच आचारी म्हणतात) आपल्या दुकानातून मान लांब करून पाहायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. नितीन वरच्या खोलीतून आपल्या काकूने थापलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायचा, ती आईने केलेला चिंचभात आणायची. भाकरी तिला घशात अडकायची, चिंचभात त्याला आंबट लागायचा, आणि डबे मात्र दोघांचेही रिकामे व्हायचे. बाहेर टाउन बस हॉर्न वाजवत जायच्या, फुलवाली मल्लीची, म्हणजे मोगऱ्याची, वेणी मोजून द्यायची आणि हरिताला आपण किती वेळ बसलो आहोत याचं भान राहायचं नाही.

तिला तो आवडला होता. अगदी मनापासून, जीव टाकावा इतका. आणि त्यालाही ती आवडते, हे तिला भट्टीच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. मग तो बोलत का नव्हता?

नवरात्र बसलं त्या आठवड्यात तो एकदाचा बोलला, पण भलतंच.

"घराची फरशी झाली. आई म्हणते, दसरा झाला की कायमचा ये. इथलं दुकान चुलतभाऊ बघंल." त्याने मूस उगाच इकडची तिकडे केली. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची गाडी हाय. दोन ठिकाणी पोरी बघायच्या ठरल्यात."

"बरें आहे," हरिता म्हणाली. "तुम्हांस जायचें आहे?"

"आमच्यात कुणी विचारत नाही तसं. घर झालं की माणूस जातो."

"आणि एथें… काहीच नाही?"

त्याने चिमट्याने भट्टीतले निखारे सारखे केले. "हाय की. पण तुम्ही राजाबरोबर आलेली माणसं, हरिता. आम्ही एसटीनं आलो. तुमच्या वडिलांसमोर उभं राहून काय सांगू, गलाईवाला हाय म्हणून?"

तिला खूप काही बोलायचं होतं. पण घरी वडिलांनी टेक्सासच्या एका स्थळाचा फोटो टीव्हीच्या बाजूला टेकवून ठेवला होता आणि तिने अजून नाही म्हणायचं धैर्य केलं नव्हतं. स्वतः गप्प राहून दुसऱ्याला भित्रा म्हणायचं, तर कोणत्या तोंडाने? ती उठली आणि "जाऊन येतें" म्हणून निघाली. मग दुकानाकडे फिरकलीच नाही.

खंडेनवमीला सगळं गाव धुऊन निघालं. रिक्षांना केळीचे खुंट बांधले गेले, बसच्या कपाळाला चंदन लागलं, रस्त्यात कोहळे फुटले. रघोजीरावांनी पूर्वजांची तलवार पुजली. हरिताने हात जोडले, पण तिच्या डोळ्यांसमोर वेगळीच भट्टी होती, हळदीकुंकू वाहिलेली, विझलेली. उद्या दसरा. परवाची त्याची गाडी.

दसऱ्याच्या दुपारी दारात चपला वाजल्या.

नितीन उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, नीट विंचरलेले केस, आणि दोन्ही हातांत मोठं पितळी ताट. ताटात विड्याची पानं, सुपारी, नारळ, केळी, हळकुंडं, कुंकू, मल्लीची घसघशीत वेणी, आणि सगळ्यावर आपट्याच्या पानांचा हिरवा ढीग. त्याच्या मागे जरीकाठी वेष्टी नेसून, खांद्यावर अंगवस्त्र टाकून सुब्रह्मण्य आचारी.

तंजावुरात असं ताट, बरोबर एक वडीलधारा माणूस, शुभ दिवस आणि मुलीचं घर… याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो.

रघोजीराव खुर्चीतून उठले. त्यांच्या बायकोने, वसुमतीबाईंनी, नवऱ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि केसरी, म्हणजे इकडचा गोड शिरा, ढवळायला आत गेल्या.

"बैसा," रघोजीराव कोरडेपणाने म्हणाले. ताटाला त्यांनी हात लावला नाही. नितीन ताट घेऊनच बसला.

"दुकान स्वतःचें?"

"भाड्याचं."

"गावीं घर?"

"आहे, दोन मजली." नितीनने हरिताकडे पाहून किंचित हसून घेतलं. बाप-लेकी दोघं सारखंच विचारतात, असं त्याला वाटत असावं.

"शिक्षण?"

"बारावी. मग भट्टीवरच."

रघोजीरावांनी टीव्हीच्या बाजूच्या फोटोकडे एकदा पाहिलं. "पोरीला कोठें ठेवशील? एथें, कीं तुझ्या त्या गावीं?"

"कुठल्या पोरीला?" नितीन म्हणाला.

आचारी छताकडे पाहू लागले.

हरिताच्या लक्षात आलं. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो दसऱ्याचं सोनं द्यायला आला होता, जायच्या आधी मोठ्यांच्या पाया पडायला. तिचा चेहरा तापला. आनंदाने धावत सुटलेलं मन मध्येच आपटलं होतं. पण सांगणं भाग होतं.

"एथें असें ताट घेऊन येणें," ती खाली पाहून म्हणाली, "म्हणजे मुलीला मागणी घालणें. अप्पांनीं ताट घेतलें कीं होकार."

नितीन ताडकन उभा राहिला. ताटातला नारळ गडगडला, त्याने कसाबसा सावरला. "आमच्याकडं नुसती पानं देतात हो. खिशात घालून. आचारी म्हणाले, मोठ्यांच्या घरी असं रिकाम्या हाताने जात नाहीत, मी लावून देतो ताट…"

सगळ्यांनी आचारींकडे पाहिलं. "पानं बरी दिसत नव्हती नुसती," ते तमिळमध्ये म्हणाले आणि अंगवस्त्र सारखं करू लागले.

"चूक जाली. पर्वा नाहीं," रघोजीराव म्हणाले. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण एवढी चौकशी करून बसलेल्या बापाला मागणीच नव्हती म्हटल्यावर मनातून थोडं लागतंच. "घेऊन जा तें ताट."

"दाराशी आणलेलं सोनं माघारी न्यायचं नसतं आमच्यात."

"मग मी घेऊं? मी घेतलें तर काय जालें तें ऐकलेंस न?"

ताट मध्येच अडकलं. देणाऱ्याला मागे घेता येईना, घेणाऱ्याला हात पुढे करता येईना. आणि उद्या त्याची गाडी. हरिताला कळून चुकलं, की आता आपण गप्प बसलो तर आयुष्यभर गप्पच बसावं लागेल.

ती नितीनच्या समोर जाऊन उभी राहिली. "ताट चुकून आणलेंत, तें समजलें. पण मागणी… तीही चूकच का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. यावेळी नजर चोरली नाही.

"न्हाई," तो म्हणाला. "ती लई दिवसांची हाय. धीर नव्हता." मग तो रघोजीरावांकडे वळला. "मला हरिता आवडते. हे ताट मागणीचंच समजा. पोरीला ती म्हणंल तिथं ठेवीन. दुकान चुलतभावाला देत नाही."

"भट्टीवाला," रघोजीराव पुटपुटले. रागाने नव्हे, स्वतःला ऐकू यावं म्हणून. "आम्हीं राजांबरोबर…"

"अप्पा," हरिता म्हणाली, "दोन्हीं घरांत मीं पुसून पाहिलें आहे. हे पोटासाठीं आले. आपणही पोटासाठींच आलों. त्यांच्या अजून ध्यानांत आहे, आपण विसरलों. माझ्या अभ्यासांत एवढेंच निघालें. आणि टेक्सासला मी जात नाहीं."

रघोजीरावांनी लेकीकडे पाहिलं. ती मागे हटत नव्हती. एवढं एका दमात ती त्यांच्यासमोर कधी बोलली नव्हती. स्वयंपाकघरातून तुपाचा वास आला आणि पाठोपाठ वसुमतीबाईंचा आवाज.

"केसरी जाली आहे. ताट तरी घ्या, नाहीतर नाहीं तरी म्हणा. निवून जाते."

रघोजीरावांनी घसा खाकरला. खांद्यावरचा पंचा नीट केला. मग दोन्ही हात पुढे करून ताट घेतलं.

"घरच्या मोठ्यांनीं येऊन बोलायचें आहे अजून," ते गुरगुरले. "तोंवर हें माझ्याकडे राहूं दे."

आचारींनी सगळ्यात आधी केसरी मागितली.

दारात चपला घालताना नितीनचे हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला समजत नव्हतं. हरिता कमानीला टेकून उभी होती. वेणीतल्या चार कळ्या आईने जाता जाता तिच्या केसांत खोचल्या होत्या.

"उद्यांची गाडी…" तिने विचारलं. "रद्द करणार न?"

"छे. जाणार की."

तिचा चेहरा उतरला. तो तेवढ्यासाठीच थांबला होता, मग हसला.

"एकाचं तिकीट हाय जायचं," तो म्हणाला. "येताना दोघांचं काढतो. आईला घेऊन येतो."