सोनबाच्या घरातली धुरी

लाइट गेली तर जाऊ दे रे, आयुष. मोबाईलची बॅटरी नको मारू तोंडावर. पंखा बंद पडला की तुमी कंपनीतली पोरं लगेच म्हणता, "काका, जीव गुदमरतोय." गुदमरणं म्हंजी काय, ते आमच्या रणजीतला इचारा. माझ्या चुलतभावाचा पोरगा. त्येनं जे पोलिसांना सांगितलं तेच मला सांगितलं, आन् तेच मी सांगतोय.

दोन वर्सं झाली. गटारीची रात. रणजीत ओव्हरटाइम करून निगडीवरनं निघोज्याला येत व्हता. त्येचा दोस्त नवनाथ नाइटला. नवनाथचा फोन आला, भावा, मेडिकलातनं स्वप्नालीचा पंप घे आन् घरी दे, जुना संपलाय.

स्वप्नाली म्हंजी नवनाथची बायको. तिला दमा. त्यात घबराट. धाप लागली की पोरीला वाटायचं आता मरते, हातपाय गार पडायचे, आन् घाबरली की धाप आणखी वाढायची. डॉक्टर म्हणला व्हता, दोन्हीवर औषध हाय, बरी ऱ्हाशील. पण सासरा सोनबा पडला अडमुठा. पंपाची सवय लागती म्हणं, ह्ये बाहेरचं हाय म्हणं! जमिनीला भाव आला, दारात चारचाकी आली, अक्कल मातूर जिथल्या तिथं.

साडेदहाच्या सुमाराला रणजीत पोचला. गटारीची रात, त्यामुळं घरोघरी मटण रटरटत व्हतं, मिरची-मसाल्याचा ठसका गल्लीभर, कोपऱ्यावर डीजे. सोनबाच्या घरातनं धूर आला काय आन् कुणी खोकलं काय, कोण बघतंय?

दाराला आतनं कडी. रणजीतनं हाका मारल्या. मंग खिडकीतनं डोकावला.

आत घमेल्यात निखारे. निखाऱ्यांवर ओंजळभर सुक्या मिरच्या. सोनबानं सुनेचे केस मुठीत धरलेले, आन् तिचं तोंड त्या धुरावर दाबलेलं. मागं देवरुषी, म्हशीवानी दांडगा, हातात वेत. फाट... फाट... तिच्या पाठीत वढत व्हता आन् इचारत व्हता, "बोल, कोण हायस?"

कुठनं बोलणार? श्वासच न्हाई. ओठ निळे पडलेले. हातानं नुसती हवा ओरबाडत व्हती.

रणजीत बोंबलला. पंप गजातनं आत धरला. "अहो मरंल ती! ह्यो पंप द्या तिला!" सोनबानं मान वर करून बघितलं, आन् केस आणखी पिळले. रणजीतनं दाराला लाथा घातल्या. दार सागवानी. हलंना.

मंग वेताचा आवाज थांबला...

रणजीत परत खिडकीशी. देवरुषी तसाच उभा. वेत खाली पडलेला. छातीतनं शिट्टी वाजतीय त्येच्या... सुंई... सुंई... दमेकऱ्याची वाजती तशी. डोळं सोनबावर.

आन् बोलला. आवाज बाईचा.

"मलाबी असंच धरलं व्हतंत ना, धनी?"

सोनबाच्या हातातनं केस सुटले.

कस्तुरा. नवनाथची आई. पोरगं सा महिन्यांचं असताना दम्यानं गेली, असं गावाला ठावं. मी तिच्या मयतीला गेलो व्हतो. तोंड बघू दिलं नव्हतं सोनबानं... कुणालाच.

देवरुष्यानं सोनबाची मानगूट धरली. भिंतीवर आपटला. एकदा. परत. दात पडले. सोनबा हात जोडतोय, कस्तुरे कस्तुरे म्हणतोय... ऐकतंय कोण. फरफटत आणला. घमेल्यात तोंड दाबलं. चर्र झालं... धूर... सुंई... सुंई...

रणजीतनं शेजारच्या बांधकामावरची पहार आणली, कडी उचकटली आन् पोरीला अंगणात वढून काढली. पंप तोंडाला लावला. एक दाब. काय न्हाई. दुसरा... लई वेळ काय न्हाई. रणजीत रडायला लागला. आन् मंग तिनं श्वास घेतला. लांब, अख्खा.

सोनबा जगला. तोंड म्हणण्यासारखं राह्यलं न्हाई, वाचाबी गेली. देवरुष्याला पोलिसांनी नेला. त्येला काय बी आठवत न्हाई. खोटं बोलत असंल, म्हणा.

पण दवाखान्यात नर्सनं स्वप्नालीचा गाउन काढला, तवा रणजीतच्या बायकोनं बघितलं. पाठीवर वेताचे वळ, त्यांवर राख, तीच गाउनलाबी आतनं लागलेली. पाच बोटांचा हात, मानेपास्नं कंबरेपतोर, वरनं खाली, वरनं खाली फिरलेला. धाप लागल्यावर आपण पाठ चोळतो तसा. हात बारका, बाईमाणसाचा. स्वप्नालीला इचारलं तर म्हणली, कुणीतरी सारखं पाठ चोळत व्हतं, म्हणून तर धीर धरला.

नवनाथकडं आईचा एक फोटो न्हाई. त्येनं तो गाउन अजून धुवू दिलेला न्हाई.