आजोबांना आठवलेली पानं

प्रेम आणि विज्ञान या मानवजातीला लाभलेल्या दोन महान शक्ती आहेत. त्यांची गाठ प्रयोगशाळेच्या जिन्यात पडली, कारण लिफ्ट बंद होती.

तो झाडपाल्याचा वैद्य. हातात आजोबांच्या काढ्याच्या नऊ पुड्या. ती तिथलीच, संगणकवाली.

"द्या, चार पुड्या मी घेते. किती धापा टाकताय!"

"खोकला झालाय... जरा."

"आणि काढा कशावरचा?"

"खोकल्यावरचा."

तिने हसू दाबलं. वर नेऊन त्याचा अर्ज भरून घेतला.

कुठल्या पाल्यातला कुठला अंश शरीरात कशाकशाला जाऊन चिकटतो, याचं जाळं तिची कृत्रिम बुद्धी विणायची. मग एकेक वनस्पती वगळायची आणि जाळं कुठे सैल पडतं ते बघायचं. एका काढ्याला आठवडा लागे. वनस्पती वाढली की पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या सोमवारी तो हजर. "आजोबांना दहावी आठवली."

त्याच्या बोटांना चुरडलेल्या पानांचा वास होता. पुडीचा दोरा टाकून द्यायचा, तो तिने खणात ठेवला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यानंतरच्या सोमवारी आजोबांना अकरावी आठवली. मग बारावी. खणात दोरे साठले.

अखेर साहेबांनी बजावलं, "शुक्रवारी अहवाल गेलाच पाहिजे." अहवाल गेला की वैद्याला जिना चढायचं कारण उरणार नव्हतं.

सोमवारी तेरावी पुडी आली. तिने उघडली, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"हे आमच्या फाटकाजवळच्या कुंपणाचं पान आहे."

"आज... निघायला उशीर झाला."

"आणि हे आजोबांना आठवलं?"

"काल संध्याकाळी."

तिने त्याचा पहिला अर्ज पुढे सरकवला. 'कृती कोणाकडून मिळाली' या रकान्यात त्याच्याच वळणदार अक्षरात होतं — कै. आजोबा.

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून... मग बोलला का नाहीत?"

ती पानाची घडी घालत राहिली. "म्हटलं... अजून दोन-चार आठवतील."

मग तो खोकला.

"शुक्रवारनंतर," ती हळूच म्हणाली, "पुडी न आणता याल?"

"लिफ्ट बंद असली तरी."

शुक्रवारी अहवाल गेला. आजोबांच्या मूळ नऊ वनस्पतींपैकी सात काढून टाकल्या, तरी जाळं हललं नव्हतं. त्या सात आजोबांनाही कोणासाठी तरीच आठवल्या असाव्यात.