सरडी खणतेय, हलू नका

प्रेमाला जगातली कुठलीही शक्ती रोखू शकत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. त्या दुपारी मात्र एका वीतभर सरडीने त्याला जागचं हलू दिलं नाही.

सरडी रंग बदलणाऱ्या जातीची, मालकीण दातांची डॉक्टर. पशुवैद्याच्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर एक चष्मेवाला आपला सरडा मांडीवर घेऊन बसला होता. सरडीला पाहून तो सरडा हिरव्याचा निळा, निळ्याचा नारिंगी झाला. मालकाचे फक्त कान लाल झाले. पिल्लं काढायचं ठरलं. चष्मेवाला तिच्या घरी सरडा घेऊन येऊ लागला. पुढे पुढे सरडा न घेताही.

आता सरडी पोटुशी होती. तिने काचेच्या पेटीतल्या वाळूत खड्डा खणून अंडी घालायची. पण माणूस दिसला की ती खणणं सोडते, आणि अंडी पोटातच अडतात. काल तिने खणायला घेतलं, तोच चष्मेवाला कौतुकाने डोकावला. ती थांबली ती थांबलीच. आज अंडी आली नाहीत तर ऑपरेशन, आणि जगायची खात्री नाही, असं पशुवैद्याने बजावलं होतं.

चष्मेवाला माफी मागायला आला, पेटीसमोर टांगलेल्या चादरीच्या पडद्याआड डॉक्टरच्या शेजारी टेकला… आणि पलीकडे वाळू खरवडल्याचा आवाज आला.

"हलू नका!" ती कुजबुजली.

"श्वास घेऊ?"

"अगदीच गरज असेल तर."

तिने चादरीच्या भोकाला डोळा लावला.

"काय करतेय?"

"खणतेय. एक डोळा वाळूवर, एक आपल्यावर… तिला काही झालं ना, तर पुन्हा तोंड दाखवू नका."

त्याचा गुडघा कट्कन वाजला. खरवडणं थांबलं.

तिने त्याचा हात धरला; त्या पकडीत अक्कलदाढ निघाली असती. दोघंही गोठले… मग पुन्हा—खर्र… खर्र. हात मात्र सुटला नाही.

"एक सांगू?"

"आत्ता?"

"आत्ता तुम्ही उठून जाऊ शकत नाही, म्हणून… मला सरड्याचं निमित्त न काढता यायचंय. रोज. कायमचं."

भोकाशी टेकलेला तिचा गाल ओला झाला.

"पांढरं…"

"काय?"

"अंडं! काचेला टेकलंय… आणखी एक…"

सरडी पायांनी वाळू लोटू लागली. खड्डा बुजला, ती फांदीवर चढली.

"आणि… माझं काय?"

"या. रोज या. फक्त डोकावायचं नाही!"

सगळा वेळ दाराबाहेर पुतळ्यासारख्या उभ्या असलेल्या तिच्या बाबांचा कोंडलेला आवाज आला, "ठरलं असेल, तर… मी आता शिंकू का?"